आठ नंबरचं बटण

आमच्या मिक्सरवर आठ बटणं होती आणि आठव्याला काहीही जोडलेलं नव्हतं. हे मला माहीत होतं, बाकीच्यांना नव्हतं. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मिक्सर म्हणजे चहाच्या ट्रेएवढा पत्र्याचा एक खोका. गाण्याचा माइक, गिटार, ड्रम्स, सगळ्यांच्या वायरी त्यात येतात आणि कुणाचा आवाज किती ऐकू यायचा ते तिथून ठरतं. आमचा बँड चौघांचा. मिशिगनमध्ये ट्रॉयला, गिटारवाल्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये, दर शनिवारी दुपारी दोन ते पाच. गाणी सगळी हार्ड रॉकची, आम्ही कॉलेजात होतो तेव्हाच जुनी झालेली. गिटारवाला पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. गाणारा नागपूरचा, एका मोटार कंपनीत खरेदी खात्यात. दिवसभर पार्टवाल्यांशी घासाघीस करून त्याचा घसा तयार झाला होता असं तोच म्हणायचा. ड्रम्सवर गिटारवाल्याचा शेजारी, आमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा एक गोरा माणूस, गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला. त्याला आम्ही काका म्हणायचो. त्याला वाटायचं ते काहीतरी मानाचं पद आहे, आणि तसं ते आहेच.

मी बेस गिटार वाजवायचो. मिक्सर माझ्याकडे आला कारण आवाज हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. गाडी हायवेला लागली की आत बसलेल्याला टायरचा, वाऱ्याचा, इंजिनाचा आवाज किती येतो ते मी मोजतो आणि तो कमी कसा करायचा ते सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पण लपवतही नाही, कारण ते सोपं नव्हतं. आप्पा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. लाल कोट, पिवळी झालर. मी लहानपणी त्या ढोलाला हात लावला की म्हणायचे, "हात काढ. तुला ते काम करायचं न्हाई." मी केलं नाही. इंजिनिअर झालो, इथे येऊन मास्टर्स केलं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी फोनवर सांगितलं की मी एका बँडमध्ये वाजवतो. त्यांनी आधी नोकरी तीच आहे ना ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "एवढं शिकून?"

आठ नंबरच्या बटणाची गोष्ट जानेवारीत सुरू झाली. बाहेर बर्फ, बुटांना रस्त्यावर टाकलेलं मीठ, खाली घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर. एक गाणं संपलं आणि गाणाऱ्याने मला बोटाने खूण केली, गिटार खाली घे. गिटारवाला पाठ करून तारा जुळवत होता, त्याने पाहिलं नाही. मी घाईत वाकलो आणि चुकून शेवटचं बटण फिरवलं. पुढचं गाणं झालं. गाणारा म्हणाला, "हां, आता मस्त. आता माझं मला ऐकू येऊन राहिलं." मी खाली पाहिलं तर आठ नंबर. त्याला वायरच नव्हती.

मला नवल वाटलं नाही. हे मी नोकरीत पाहिलेलं आहे. गाडीत बसलेल्याला सांगा, आम्ही दाराचं रबर बदललंय. रबर तेच ठेवा. दहातले काही जण सांगतात, हो, आता शांत वाटतंय.

त्याच आठवड्यात गिटारवाल्याचा मेसेज आला: "शनिवारी ह्याचा माइक जरा आवर. त्याला सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल." शनिवारी मी त्याच्या डोळ्यांसमोर आठ नंबर फिरवला. त्याने मान डोलावली. तेव्हापासून तो नियमच झाला. दोघंही एकमेकांच्या पाठीमागे मला सांगायचे, दुसऱ्याला कमी कर. मी मोठ्या गांभीर्याने वाकायचो, आठ नंबर थोडा डावीकडे न्यायचो, आणि दोघंही आपापल्या जागी खूश. तोंडावर मात्र काय वर्णावं. "तुझ्यासारखा आवाज अख्ख्या मिडवेस्टमध्ये नाही यार." "राजा, तुझ्या गिटारीशिवाय आपण काहीच नाही बे."

मी खरंच काहीच कमी केलं नाही, कारण कमी करायची गरजच नव्हती. मोजलं होतं मी.

त्यांच्यात काय होतं, मैत्री की वैर, ते मला तेव्हाही कळत नव्हतं. आधीच्या उन्हाळ्यात आम्ही चौघं काकाच्या पिकअपमधून एका जुन्या हार्ड रॉक बँडच्या कार्यक्रमाला गेलो होतो. उघडं मैदान, गवतावर खुर्च्या, पांढऱ्या केसांची हजारो माणसं काळ्या टीशर्टमध्ये. काकाने जाताना सांगितलं, त्या बँडचा गायक आणि गिटारिस्ट एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. प्रवासाला दोन वेगळ्या बस. स्टेजवर दोन वेगळ्या बाजूंनी येतात. त्याने त्यांना तरुणपणी डेट्रॉइटमध्ये पाहिलं होतं, तेव्हा दोघं एकच सिगारेट अर्धी अर्धी ओढायचे.

आणि खरोखर दोघं दोन बाजूंनी आले. पाऊण तास एकमेकांकडे बघितलं नाही. मग एका गाण्यात तो म्हातारा गायक चालत गेला आणि गिटारिस्टच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला. गिटारिस्टने वाजवता वाजवता आपलं वजन मागे टाकलं. दोघं एकमेकांवर रेललेले, आणि गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही. गाणं संपलं, दोघं दोन दिशांना गेले.

परतताना पिकअपमध्ये वाद.

"नाटक आहे सगळं," गाणारा म्हणाला. "खरे दोस्त आहेत ते. भांडण पेपरवाल्यांसाठी."

"उलट," गिटारवाला म्हणाला. "भांडण खरं आहे. ते पाठीला पाठ लावणं तिकिटासाठी. तुला एवढं साधं कळत नाही?"

"तुला तर सगळ्यात खोटंच दिसते."

"मी पुण्याचा आहे, मला खोटं लांबून दिसतं."

"मग आरशासमोर कसा उभा राहतो बे?"

मी काकाला विचारलं, खरं काय? काका गाडी चालवत म्हणाला, "मी ड्रमर आहे. मला त्यांच्या फक्त पाठी दिसतात."

मे महिन्यात खरी ठिणगी पडली. आमच्या गावाच्या पार्कमध्ये जुलैत संध्याकाळचे कार्यक्रम असतात, लोक घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. त्यात आम्हाला पहिल्यांदा चाळीस मिनिटं मिळाली. प्रश्न शेवटच्या गाण्याचा. गिटारवाल्याचं म्हणणं, शेवट गिटारच्या लांब सोलोने व्हायला पाहिजे, मूळ रेकॉर्डवर तसंच आहे. गाणाऱ्याचं म्हणणं, शेवट त्याच्या लांब किंकाळीने व्हायला पाहिजे, कारण लोक माणसाकडे बघतात, लाकडाकडे नाही. गिटारला लाकूड म्हटल्यावर गिटारवाल्याने गिटार पेटीत ठेवली आणि पेटी बंद केली. दोन शनिवार त्याच खोलीत दोघं वाजवत होते, पण बोलायचं ते माझ्यामार्फत.

"त्याला सांग, दुसऱ्या कडव्यात तो घाई करतो."

"त्याला सांग बे, मी बहिरा नाही, ऐकलं मी."

मग त्या आठवड्यात गिटारवाल्याचा फोन आला. "मी विचार करतोय, नवीन बँड काढावा. हा गडी काही सुधारत नाही. तू माझ्याबरोबर येशील ना?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. तीन दिवसांनी गाणाऱ्याने मला 'फिफ्टीन माइल' नावाच्या रस्त्यावरच्या डोसेवाल्याकडे बोलावलं आणि डोसा येण्याआधीच म्हणाला, "मी वेगळा बँड काढून राहिलो. पक्कं. तू माझ्याकडे. बोल." मी त्यालाही म्हटलं, विचार करून सांगतो.

हे ऐकायला गमतीचं वाटेल. मला त्या दिवसांत जेवण जात नव्हतं. ट्रॉयला येऊन मला सतरा वर्षं झाली. ऑफिसमध्ये ओळखी भरपूर, पण काम सोडून मला ओळखणारी माणसं म्हणजे ही तीन. बाकी आयुष्यात मी जे जे केलं ते उपयोगाचं म्हणून केलं: अभ्यास, नोकरी, घर. शनिवारचे हे तीन तास तेवढे बिनउपयोगाचे होते आणि ते मला हवे होते. आता एकाला हो म्हटलं तर दुसरा जाणार, आणि दोघांना नाही म्हटलं तर सगळंच.

मी आप्पांना फोन केला. सल्ला मागायला नाही, सहज. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"जेवायला कुठं बसत्यात?"

"कोण?"

"ती दोघं. भांडल्यावर."

"आप्पा, जेवणाचा इथे काय संबंध?"

"तुला इचारलं ते सांग की."

मला आठवून सांगावं लागलं. प्रॅक्टिसनंतर पाच वाजता आम्ही वर किचनमध्ये जायचो. गिटारवाल्याची बायको, वहिनी, जेवायला घालायची. गाणाऱ्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, आणि पुण्याच्या घरात कूट नाही असा पदार्थ शोधावा लागतो. म्हणून त्याची कोशिंबीर, त्याची भाजी वेगळ्या वाटीत असायची. न बोलण्याच्या त्या दोन शनिवारीही ती वाटी होती का? होती.

"तिथंच बसतात," मी म्हटलं. "समोरासमोर. पण बोलत नाहीत."

"मग गप ऱ्हा," आप्पा म्हणाले. "आमचा क्लॅरिनेटवाला आन् ट्रंपेटवाला पाच वरसं बोलत नव्हते. पण पंगतीत शेजारी. आमी कोण मधी पडलो न्हाई. एकदा एक जण पडला."

"मग?"

"मग काय. त्याला दुसऱ्या बँडात जावं लागलं."

मी हसलो. मनात म्हटलं, आप्पांचा जमाना वेगळा, ती माणसं वेगळी. इथे सगळे शिकलेले आहेत. शिकलेल्या माणसासमोर खरी माहिती नीट मांडली तर तो समजून घेतो. हे मी खरंच मानत होतो. माझं सगळं शिक्षण त्यावर उभं आहे.

म्हणून मी तीन स्लाइड बनवल्या.

कुणाला वेडेपणा वाटेल, पण आमच्याकडे एखाद्या गाडीत खडखड आली की हेच करतात. दोन कंपन्यांची माणसं एका खोलीत बसतात, एक म्हणतो तुमच्या दारामुळे, दुसरा म्हणतो तुमच्या सीटमुळे. तिसरा माणूस आलेख लावतो आणि सगळे गप्प होतात. कुणी रडत नाही. तो तिसरा माणूस बऱ्याचदा मी असतो.

जूनच्या पहिल्या शनिवारी मी लॅपटॉप बेसमेंटमधल्या टीव्हीला जोडला. काका ड्रम्समागे, गिटारवाला अॅम्पच्या, म्हणजे गिटारच्या स्पीकरच्या, खोक्यावर बसलेला, गाणारा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. पहिल्या स्लाइडवर आलेख: गिटार आणि गाणं, दोन रेषा, जवळजवळ एकावर एक. मी सांगितलं की ऐकणाऱ्याच्या जागेवर मीटर ठेवून मी हे मोजलं आहे, दोघांचा आवाज सारखाच आहे.

"बरं," गिटारवाला म्हणाला.

दुसऱ्या स्लाइडवर तक्ता. कुठल्या शनिवारी, कुणी, कुणाला कमी करायला सांगितलं. त्यापुढे रकाना, मी कुठलं बटण फिरवलं. सगळीकडे आठ. शेवटचा रकाना, सांगणाऱ्याचा अभिप्राय. सगळीकडे "आता बरं" किंवा "आता मस्त".

तिसऱ्या स्लाइडवर मिक्सरच्या मागच्या बाजूचा फोटो होता. आठ नंबरच्या भोकात वायर नाही, तिथे मी लाल बाण काढला होता. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्यातला प्रॉब्लेम खरा नाहीये. मी काहीच बदललं नाही आणि तुमचं दोघांचं समाधान झालं. हेच मला दाखवायचं होतं." आणि मी थांबलो. मला खरंच वाटलं होतं की दोघं हसतील.

कोपऱ्यातला पाणी उपसायचा पंप सुरू झाला, आणि बंद झाला.

"म्हणजे मी 'आता मस्त' म्हणत होतो," गाणारा म्हणाला, "तेव्हा काहीच झालं नव्हतं."

"काहीच नाही."

"आणि तू हसून राहिला होता."

"हसलो नाही रे."

"मनात तर हसलाच असशील ना बे."

गिटारवाल्याने मला मागची स्लाइड लावायला सांगितली आणि तो टीव्हीच्या जवळ गेला, तक्ता वाचायला. एकेक ओळ वाचली. मग शांतपणे म्हणाला, "हे तू जानेवारीपासून लिहितोयस?"

"हो. मोजमाप नीट पाहिजे ना."

"म्हणजे तू इथे वाजवायला येत नव्हतास. आमच्यावर प्रयोग करायला येत होतास."

मी म्हटलं तसं नाही, आणि पुन्हा पहिली स्लाइड लावली. तेवढ्यात गाणारा गिटारवाल्याकडे वळला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

"तू माझा माइक कमी करायला सांगत होता?"

"तू माझी गिटार."

"हो."

"बरं."

"बरं."

बस, एवढंच. त्यांच्यात तेवढ्यावर मिटलं. माझ्या वाट्याला 'बरं' आलं नाही. मी लॅपटॉप काढला, बेस पेटीत ठेवली. काका ड्रमच्या कडेवर बोटाने काहीतरी टिकटिक करत होता, त्याने मान वर केली नाही. मी जिना चढत होतो तेव्हा मागून गिटारवाल्याचा आवाज आला, "चल वर. तुझी काकडी वेगळी काढलीय तिने." ते मला नव्हतं. मला काकडी कशीही चालते.

घरी पोचेपर्यंत फोनवर आलं होतं की मला बँडच्या ग्रुपमधून काढलंय. दोघंही अॅडमिन होते. कुणी काढलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

एक गोष्ट मी स्लाइडवर घातली नव्हती. दोघांनीही मला वेगळ्या बँडसाठी विचारलं होतं ती. ती मला मोजण्यासारखी वाटली नाही, म्हणा. किंवा मला भीती वाटली. मी ती कुणालाही सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही.

जुलैत पार्कमधल्या कार्यक्रमाला मी गेलो. जायचं नाही असं ठरवून गेलो. मागे एका मेपलखाली उभा राहिलो. बेसवर काकाच्या ओळखीचा कुणी उंच माणूस होता, चांगला वाजवत होता, म्हणजे माझ्यापेक्षा चांगला. आवाजाचं मात्र वाट्टोळं झालं होतं. शेवटच्या गाण्यात गिटारवाल्याने सोलो सुरू केला आणि गाणाऱ्याने किंकाळी. दोन्ही एकदमच. कानठळ्या बसल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी खुर्ची मिटली. आणि मग गाणारा चालत गेला आणि गिटारवाल्याच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला. माझा नागपूरचा आणि माझा पुण्याचा, दोघांची पोटं सुटलेली, शर्ट घामाने चिकटलेले. गिटारवाल्याने वजन मागे टाकलं.

मला नक्कल वाटली. मग वाटलं, नक्कल असती तर गिटारवाल्याने डोळे मिटले नसते. काय ते कळेना. मी गाडीकडे गेलो.

ऑगस्टमध्ये एका रविवारी सकाळी गाणारा माझ्या दारात उभा. हातात मिक्सर, वायरी गळ्याभोवती.

"घे," तो म्हणाला. "हे कुणालाच जमून नाही राहिलं. तो उंच माणूस तर खरंच कमी करते. सांगितलं की खरंच कमी करते. गिटारवाल्याशी त्याचं दोनदा वाजलं."

मी मिक्सर घेतला. त्याला आत बोलावलं. तो आत आला नाही. बुटाच्या टोकाने पायपुसणं सरळ केलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ते दुसरं तू नाही ना सांगितलं त्याला? डोसेवाल्याकडचं?"

"नाही."

"शनिवारी दोन वाजता," तो म्हणाला आणि गेला.

दुपारी गिटारवाल्याचा मेसेज. "शनिवारी येतोयस ना? आणि ते आपलं फोनवरचं बोलणं आपल्यातच आहे असं गृहीत धरतो."

आठवडाभर मला एकच प्रश्न. मी तोंड बंद ठेवलं म्हणून मला परत घेतायत, की तोंड बंद राहावं म्हणून? याचं उत्तर मोजता येत नाही. मी प्रयत्न केला.

शनिवारी गेलो. आधी जेवण, असं वहिनींनी ठरवलं होतं, बहुतेक मुद्दाम. टेबलाला चार ताटं, गाणाऱ्याची वेगळी वाटी. मला त्या दोघांच्या मधली खुर्ची. भरली वांगी होती. निम्मं जेवण झालं आणि गाणारा भात कालवता कालवता, पाऊस पडेल असं वाटतं अशा सुरात, गिटारवाल्याला म्हणाला, "मे महिन्यात मी तुला सोडून वेगळा बँड काढणार होतो, माहीत आहे का?"

मी ताटातलं वांगं उगाच उलटं केलं.

"मीपण," गिटारवाला म्हणाला. "याला विचारलंसुद्धा होतं."

"मीपण यालाच."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाणाऱ्याला हसू फुटलं, त्याच्यामागे गिटारवाल्याला. वहिनी ताक घेऊन आल्या त्याही हसायला लागल्या, कशाला ते माहीत नसताना. काकाने काय झालं विचारलं, गिटारवाल्याने इंग्रजीत सांगितलं, तोही टेबलावर हात आपटून हसला. तीन महिने मी जे पोटात धरून बसलो होतो त्याची त्यांनी लोणच्यासारखी चव घेतली.

"मग तू कुणाला हो म्हटलंस?" गिटारवाल्याने विचारलं.

"दोघांना म्हटलं, विचार करून सांगतो."

"झाला का विचार?"

"नाही."

"घे, वांगं घे," गाणारा म्हणाला. "रिकाम्या पोटी विचार नाही होत."

मला विचारायचं होतं की मग माझ्या दारात हळू आवाजात का बोलत होतास. तो मेसेज कशाला होता. विचारलं नाही. मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे, सगळे तसं म्हणतात. पण स्पष्ट बोलायला आधी स्पष्ट दिसायला लागतं.

जेवून खाली गेलो. मी मिक्सर मांडला, वायरी लावल्या. आठ नंबर तसाच रिकामा. आता ते चौघांनाही माहीत होतं. पहिलं गाणं झालं. गाणाऱ्याने माझ्याकडे वळून बोटाने खूण केली, गिटार खाली घे. लपवून नाही, सगळ्यांसमोर. गिटारवाल्याने ते पाहिलं, आणि लगेच पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि तारा जुळवायला लागला. तारा जुळलेल्याच होत्या, मला ऐकू येत होतं.

माझा हात मिक्सरवर. दोन नंबरला गिटार, आठ नंबरला काही नाही.

"कुठलं फिरवू?" मी विचारलं.

"ते मला नको सांगू ना बे," गाणारा म्हणाला.

"मलाही नको," गिटारवाला भिंतीला म्हणाला.

काकाने ड्रम्समागे काठ्या मांडीवर ठेवल्या आणि छताकडे पाहायला सुरुवात केली.

मी वाकलो, एक बटण थोडं डावीकडे नेलं. पुढचं गाणं झालं. गाणारा म्हणाला, "हां, आता मस्त." गिटारवालाही म्हणाला, आता बरं आहे.

कुठलं फिरवलं ते इथे लिहीत नाही. दोघंही हे वाचणार आहेत.